बीटीला उन्हापासून वाचवायचं कसं: मेलॅनिन बनवणारा स्ट्रेन, बाहेरून घातलेलं मेलॅनिन की संध्याकाळची फवारणी?

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं बीटी, अळी मारायला पुरून उरतं. मार खातं ते उन्हाकडून. स्वच्छ उन्हात पानावरचे बीजाणू काही तासांपासून एक-दोन दिवसांत बहुतेक निकामी होतात. अळीला मारणारं प्रथिन त्याहून थोडे दिवस जास्त तग धरतं, पण त्याचाही जोर लवकरच ओसरतो. रासायनिक औषधाच्या टिकाऊपणाची सवय झालेला शेतकरी मग म्हणतो, "जैविक आहे हो, चालायचंच."

यावर गेली तीसेक वर्षं एक कल्पना पुन्हा पुन्हा पुढे येते: या जिवाणूलाच मेलॅनिन बनवायला लावायचं. आपल्या कातडीला रंग देणारं आणि अतिनील किरण शोषून घेणारं हेच रंगद्रव्य. कल्पना चांगली आहे, तिच्यावर शोधनिबंधही बरेच आहेत. पण जैविक निविष्ठांचं छोटं युनिट चालवणाऱ्याने, एमएस्सी-पीएचडीचा विषय शोधणाऱ्याने किंवा "आमचं बीटी काळं आहे, उन्हात टिकतं" असं सांगणाऱ्या विक्रेत्यासमोर बसलेल्याने नेमकं काय निवडावं, हे त्या निबंधांतून थेट हाती लागत नाही. म्हणून हा आढावा. (बीटी कापसाचा इथे संबंध नाही. तिथे प्रथिन झाडाच्या पेशीत तयार होतं, पानावर उघडं पडत नाही. इथे बोलतोय ते फवारणीच्या बीटीबद्दल.)

माझं मत आधीच सांगून टाकते. विद्यार्थ्याने मेलॅनिन बनवणाऱ्या म्युटंटवर (जनुकात बदल होऊन निघालेल्या वंशावर) जरूर काम करावं, विषय रसाळ आहे. छोट्या उत्पादकाने सध्या त्या नादी लागू नये. लाकडातल्या लिग्निनसारखं स्वस्त आवरण आणि फवारणीची वेळ यांतून त्याला जास्त मिळेल. जनुक घालून बनवलेला स्ट्रेन (जिवाणूचा वाण) आपल्याकडे आज तरी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडणार नाही. आता कारणं.

वाचवायचं आहे ते काय?

बीटीची पेशी बीजाणू धरते तेव्हा त्याच पेशीत, बीजाणूच्या शेजारी, प्रथिनाचा एक स्फटिक तयार होतो. मायक्रोस्कोपखाली हे स्पष्ट दिसतं: लंबगोल चकचकीत बीजाणू आणि त्याला लागून दोन टोकं निमुळती असलेला स्फटिक. पतंगवर्गीय अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्यातल्या अल्कलीत, जिथे सामू (पीएच) ९ च्या वर असतो, स्फटिक विरघळतो. त्यातलं सुमारे १३० किलोडाल्टनचं प्रथिन अळीच्याच पाचक एन्झाइमांनी तुटून साधारण निम्म्या आकाराचं होतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं आणि त्यांना भोकं पाडतं. अळी काही तासांत खाणं सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. बीजाणू त्या फाटक्या आतड्यातून शरीरात शिरून वाढतो. काही किडींमध्ये त्याचा वाटा मोठा असतो, काहींमध्ये स्फटिक एकटाच पुरतो.

ऊन या दोघांचं नुकसान वेगवेगळ्या रीतीने करतं. बीजाणूचं नुकसान मुख्यतः डीएनएत होतं. स्फटिकात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या कामात दाखवलं गेलं की स्फटिक निकामी करणारा सूर्यप्रकाशाचा पट्टा साधारण ३०० ते ३८० नॅनोमीटरचा आहे आणि त्यात विक्रियाशील ऑक्सिजनचाही हात आहे.

आता प्रयोगशाळेत काय होतं ते बघा. लॅमिनार फ्लोमधली, म्हणजे निर्जंतुक कामाच्या कपाटातली, निळसर ट्यूब २५४ नॅनोमीटरचा प्रकाश देते. ती हाताशी असते, म्हणून बहुतेक जण चाचणी तिच्याखालीच घेतात. पेट्री डिशमध्ये बीजाणूंचं पातळ द्रावण, ठरावीक मिनिटं प्रकाश, मग प्लेटवर कॉलनी मोजायच्या. काळ्या स्ट्रेनचे बीजाणू साध्यापेक्षा कितीतरी पट जास्त जगले, असा निकाल येतो, आणि तो खराही असतो. पण २५४ नॅनोमीटरचा प्रकाश ओझोनच्या थरातून जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. शेतात येतो तो साधारण २९० च्या पुढचा. शिवाय मेलॅनिनचं शोषण आखूड तरंगलांबीला सर्वांत जास्त असतं आणि लांबी वाढत जाईल तसं एकसारखं उतरत जातं. म्हणजे ज्या प्रकाशात ते सर्वांत चांगलं काम करतं तो शेतात नाही, आणि जो शेतात आहे त्यात त्याचं काम मध्यम आहे. ते निरुपयोगी ठरत नाही, कारण मेलॅनिन विक्रियाशील ऑक्सिजनसारख्या मुक्त मूलकांनाही पकडतं आणि स्फटिकाला त्याचा फायदा व्हायला हवा. पण "दहापट टिकतं" असं कुणी म्हणालं तर विचारावं: काय टिकतं, बीजाणू की मारक शक्ती? आणि कुठल्या प्रकाशात? पुढची सगळी तुलना याच दोन प्रश्नांवर उभी आहे.

काळा रंग येतो तो दोन वाटांनी

दोन्ही वाटा टायरोसिन या अमिनो आम्लापासून निघतात. पहिलीत टायरोसिनेज नावाचं, तांबं लागणारं एन्झाइम टायरोसिनपासून डोपा आणि पुढे डोपाक्विनोन करतं. मग साखळी स्वतःच पुढे सरकत युमेलॅनिन बनतं. आपल्या केसांतलं काळं हेच.

दुसरी वाट अपघाताची आहे. जिवाणू टायरोसिन खाऊन पचवतो तेव्हा मधे होमोजेंटिसिक आम्ल तयार होतं. ते पुढे मोडणारं एन्झाइम, होमोजेंटिसेट डायऑक्सिजिनेज, बिघडलं तर आम्ल साचतं, पेशीबाहेर पडतं, हवेत ऑक्सिडीकरण होऊन त्याचं गडद तपकिरी पायोमेलॅनिन होतं. माणसात हेच एन्झाइम बिघडलं की अल्काप्टोन्यूरिया होतो, ज्यात लघवी हवेत राहिल्यावर काळी पडते. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली याच विकारावरून आनुवंशिक चयापचय-दोषाची कल्पना मांडली होती. बीटीच्या ज्या काळ्या स्ट्रेनांचा जनुकीय तपास नीट झाला आहे, त्यांत हीच दुसरी वाट ठळकपणे सापडते. २०१८ मध्ये चीनमधल्या एका गटाने तर या एन्झाइममधलं एकच अमिनो आम्ल बदललं की बीटी मेलॅनिन करू लागतं हे दाखवलं.

हे तपशील निवड करणाऱ्यालाही लागतात. पायोमेलॅनिन पेशीबाहेर, द्रवात असतं. तुम्ही फर्मेंटरमधून (जिवाणू वाढवायच्या टाकीतून) ब्रॉथ, म्हणजे वाढीचा द्रव, काढून सेंट्रिफ्यूज केला आणि फक्त गाळ घेतला, तर बरंचसं रंगद्रव्य वरच्या पाण्याबरोबर गटारात गेलं. त्यातलं थोडं स्फटिकांना आणि बीजाणूंना चिकटून राहतं, पण किती, ते ज्याने त्याने आपल्या प्रक्रियेत मोजायला हवं. सगळा ब्रॉथ स्प्रे-ड्राय करणाऱ्याला (गरम हवेत फवारून सुकवणाऱ्याला) हा प्रश्न येत नाही. त्याच्याकडे स्प्रे-ड्रायर मात्र हवा.

म्युटंट

सर्वांत सरळ मार्ग हा. साध्या कुर्स्ताकी (पतंगवर्गीय अळ्यांवर चालणारा बीटीचा उपप्रकार) स्ट्रेनचे बीजाणू घ्यायचे, अतिनील प्रकाशाखाली ठेवायचे, जे उरतील ते वाढवून पुन्हा ठेवायचे. फेऱ्या होत जातात तसे तपकिरी वसाहतींचे काही वंश हाती लागतात. १९९६ मध्ये असाच गडद तपकिरी रंगाचा म्युटंट प्रसिद्ध झाला, ज्याचा अतिनील टिकाव आणि मारक शक्ती दोन्ही वाढलेले होते. २००२ मध्ये इस्राएलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या गटाने कुर्स्ताकीचाच मेलॅनिन करणारा म्युटंट दिला. नेगेवच्या वाळवंटाशेजारच्या विद्यापीठाला उन्हात टिकणारा जिवाणू हवा वाटावा यात नवल काही नाही. मेक्सिको आणि चीनमधून निसर्गतःच काळे असलेले स्ट्रेनही नोंदले गेले आहेत. ते मिळाले तर म्युटेशनचा खटाटोपच नको.

जमेची बाजू: बाहेरचं जनुक नाही, प्रतिजैविक-रोधाची खूण नाही, जनुक-अभियांत्रिकीच्या परवानग्यांची वाट नाही. फर्मेंटर तोच आणि माध्यमही जवळपास तेच, फक्त त्यात टायरोसिनची सोय हवी, आणि सोयाबीन पेंडीसारख्या प्रथिनयुक्त माध्यमात ते थोडंफार असतंच.

उधारीची बाजू लोक सांगत नाहीत. अतिनील प्रकाशाने फक्त तुम्हाला हवं तेच जनुक बदललं, याची हमी कोण देणार? त्याच पेशीत आणखी ठिकाणी ओरखडे पडलेले असतात. म्युटंटची मारक शक्ती वाढलेली दिसली तर ती मेलॅनिनमुळे की दुसऱ्याच कशामुळे, हे वेगळं शोधावं लागतं. उलटही होतं: रंग झकास, पण बीजाणू धरणं मंदावलेलं किंवा स्फटिक बारीक. एका जागेवरच्या बदलाने काळा झालेला स्ट्रेन पुन्हा पांढरा होऊ शकतो, म्हणून प्रत्येक बॅचच्या प्लेटवर पांढऱ्या कॉलनी शोधत बसणं आलं. आणि नोंदणी. आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली जैविक कीडनाशकाची नोंदणी स्ट्रेननिहाय होते. जुन्या स्ट्रेनची नोंदणी आहे म्हणून त्याच्या म्युटंटला ती लागू होत नाही. जैवक्षमता, विषारीपणा, साठवणकाळ, बीटा-एक्झोटॉक्झिन हे इतर प्राण्यांनाही घातक असलेलं विष नसल्याची खात्री, सगळा गठ्ठा नव्याने तयार करायचा. छोट्या युनिटचं पाऊल इथेच अडतं.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट जरा जवळून. प्लेटवर तिसऱ्या दिवशी कॉलनीभोवतालचं अगार चहाच्या रंगाचं होऊ लागतं आणि रंग कॉलनीपेक्षा तिच्या कडेच्या माध्यमात आधी दिसतो. हे पाहून नाचू नका. गूळ किंवा ग्लुकोज असलेलं माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये जास्त वेळ राहिलं तरी तपकिरी होतं, त्यात जिवाणूचा काहीच हात नसतो. म्हणून न पेरलेली प्लेट शेजारी हवीच. मग रंगद्रव्य काढून साधी परीक्षा घ्यायची: पाण्यात आणि अल्कोहोल-क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांत विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतं, हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की खाली बसतं, हायड्रोजन पेरॉक्साइडने फिकं पडतं, फेरिक क्लोराइडने तपकिरी गाळ देतं. एवढं जुळलं की स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शोषणाची उतरती रेषा काढायची. परीक्षक पहिला प्रश्न यावरच विचारतो. आणि ही म्हणजे मेलॅनिनची ओळख झाली. ते युमेलॅनिन की पायोमेलॅनिन हे यावरून ठरत नाही, त्यासाठी जनुक तपासावं लागतं.

४२ अंशांचा शॉर्टकट

२००४ साली चीनमधूनच आलेल्या एका कामात दिसलं की बीटीचे साधे स्ट्रेन ४२ अंश सेल्सिअसला, एल-टायरोसिन घातलेल्या माध्यमात वाढवले की मेलॅनिन करतात आणि अतिनील टिकाव वाढतो. म्युटेशन नाही, जनुक नाही, फक्त इनक्युबेटरचं बटण फिरवायचं. ऐकायला इतकं सोपं वाटतं की दर वर्षी कोणीतरी यावर प्रकल्प करतो.

उत्पादकाने मात्र इथून लांबच राहावं असं मला वाटतं. कारण पहिलं: बीटीची बहुतेक स्फटिक-जनुकं मोठ्या प्लाझ्मिडांवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यांवर) असतात, आणि ४२-४३ अंशांवर वाढवणं ही प्लाझ्मिड घालवण्याची जुनी, ठरलेली पद्धत आहे. म्हणजे रंग मिळवायला जी उष्णता द्यायची, तीच वारंवार दिली तर स्फटिकच न करणारे वंश निघू शकतात. काळं, दिमाखदार आणि अळीला निरुपद्रवी बीटी! कारण दुसरं: टायरोसिन पाण्यात जेमतेम विरघळतं, २५ अंशांना लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. फ्लास्कच्या तळाशी पांढरी भुकटी बसून राहते, म्हणून ते आधी थोड्या आम्लात किंवा अल्कलीत विरघळवून मग माध्यमाचा सामू सावरावा लागतो. फ्लास्कमध्ये हे जमतं. हजार लिटरच्या टाकीत शुद्ध टायरोसिन ओतणं म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. शिवाय फर्मेंटर ४२ अंशांना चालवायचा म्हणजे वाढीचा वेग, बीजाणूंचं प्रमाण, सगळं नव्याने बसवणं आलं.

टीवायबीएस्सीच्या प्रात्यक्षिकाला मात्र हा प्रयोग झकास आहे.

जनुक घालणं किंवा काढणं

२००२ मध्ये स्युडोमोनास माल्टोफिलिया या दुसऱ्या जिवाणूचं, मेलॅनिन बनवणारं मेल जनुक बीटीत घालून मेलॅनिन मिळवलं गेलं. हल्लीची साधनं वापरून होमोजेंटिसेट डायऑक्सिजिनेजचं जनुक स्वच्छ कापूनही काढता येतं. शास्त्र म्हणून हा सर्वांत नेटका पर्याय: एकच बदल, कुठे केला ते अक्षरशः माहीत, पांढऱ्यावर परतण्याची भीती नाही, आणि पालक स्ट्रेनशी तुलना केली तर जो फरक पडेल तो त्या बदलाचाच. ज्याला 'मेलॅनिनमुळेच टिकाव वाढला' हे सिद्ध करायचं आहे, त्याने पीएचडीत हाच मार्ग धरावा.

बाजारात नेण्यासाठी तो आज बंद आहे असंच समजा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत जनुक-अभियांत्रिकीची व्याख्या बाहेरचं जनुक घालण्यापुरती मर्यादित नाही. आनुवंशिक द्रव्याचा भाग काढून टाकणंही तिच्यात येतं. त्यामुळे "आम्ही तर फक्त काढलंय" हा बचाव चालत नाही. २०२२ मध्ये काही प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना त्या नियमांतून सूट मिळाली, जिवाणूंना नाही. शेतात मोकळा सोडायचा, बीजाणू धरणारा, जनुक बदललेला जिवाणू घेऊन समित्यांच्या पायऱ्या चढायला मोठी कंपनीही दहादा विचार करेल.

मेलॅनिन बाहेरून

१९९३ मध्ये तैवानी संशोधकांनी हेच केलं: स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून काढलेलं मेलॅनिन इस्राएलेन्सिसमध्ये, म्हणजे डासांच्या अळ्या मारणाऱ्या बीटीच्या उपप्रकारात, मिसळलं आणि अतिनील प्रकाशात त्याचा बचाव होतो हे दाखवलं. या मार्गाचा मोठा गुण म्हणजे नोंदणी झालेला, तपासलेला, ओळखीचा स्ट्रेन तसाच राहतो. बदल होतो तो मिश्रणात. मिश्रण बदललं तरी कागदपत्रं लागतातच, पण जिवाणू नवा नसतो.

अडचण रसायनशास्त्राची आहे आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मेलॅनिन विरघळतं ते अल्कलीत. बीटीचा स्फटिकही विरघळतो तो अल्कलीतच, अळीच्या आतड्यात त्याचं हेच तर होतं. म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मेलॅनिन विरघळवून तो काळाभोर द्राव तसाच बीटीत ओतला, तर किरणांपासून वाचवायच्या आधीच स्फटिक गमावून बसाल. आधी सामू उदासीन करायला हवा, आणि तो केला की मेलॅनिनचा बराचसा भाग कणांच्या रूपात खाली बसू लागतो. मग बारीक दळणं आणि तरंगत ठेवणारी द्रव्यं घालणं आलं. तरी नोजलमध्ये गाळ अडकतोच. हे सुटण्यासारखे प्रश्न आहेत, पण त्यावर पैसे घालायचे तर मेलॅनिनच का, असा प्रश्न पडतो.

कारण त्याला स्पर्धक स्वस्त आहेत. अमेरिकेत पिओरिया इथल्या कृषी विभागाच्या प्रयोगशाळेने स्टार्चच्या दाण्यांत बीटी कोंडून बघितलं, नंतर लिग्निनसोबत स्प्रे-ड्राय करून बघितलं. लिग्निन कागद कारखान्यांतलं उपउत्पादन, तपकिरी, अतिनील शोषणारं, आणि त्याचे पाण्यात विरघळणारे प्रकार फवारणीच्या औषधांत आधीपासूनच वापरात आहेत. मायकोजेन या कंपनीने १९९१ मध्ये वेगळीच युक्ती बाजारात आणली: बीटीचं प्रथिन स्युडोमोनास फ्लुओरेसन्समध्ये बनवायचं, मग ती पेशी मारून तिच्याच कडक केलेल्या भिंतीत प्रथिन बंद ठेवायचं. आणि आपल्याकडे घाटेअळीच्या विषाणूच्या फवारणीत राणीपाल किंवा नीळ टाकण्याची रीत हरभऱ्याच्या पट्ट्यात जुनी आहे. विषाणूवर जे चालतं ते बीटीवर तितकंच चालेल असं गृहीत धरू नये, पण उन्हासाठी काहीतरी मिसळायचं असतं ही समज शेतकऱ्याला आहे. ती शून्यापासून शिकवावी लागत नाही.

मेलॅनिनची एक जागा मला इथेही दिसते. म्हाकूल-सेपियाची शाई हे मेलॅनिनच आणि मासळी प्रक्रियेत ती वाया जाते. रत्नागिरी-मालवणकडे कोणाला हात घालावासा वाटला तर प्रयोग करून बघण्यासारखा आहे. धंदा म्हणून आजच नव्हे.

आणि फुकटातला पर्याय

उन्हं कलल्यावर फवारलं की बीटीला एक अख्खी रात्र मिळते. बऱ्याच अळ्या रात्रीच जास्त खातात. लहान अळीला पोटात जायला हवा असलेला डोस सकाळपर्यंत गेलेला असतो. यासाठी ना स्ट्रेन बदलावा लागतो, ना नोंदणी.

फुकटातला म्हटला तरी त्याची किंमत मजुरीत मोजावी लागते. फवारणीचे मजूर सकाळी येतात आणि पाचच्या सुमाराला निघतात. संध्याकाळची फवारणी म्हणजे वेगळा रोज किंवा घरच्याच माणसाची पाठ. चार एकर मक्यावर लष्करी अळीसाठी पोंग्यात फवारा द्यायचा तर सूर्य मावळल्यावर ते उरकतही नाही. मोठ्या क्षेत्राला उन्हात टिकणारं मिश्रण हवं असतं ते म्हणूनच. उलट भाजीवाल्याची अर्ध्या एकराची कोबी संध्याकाळी तासाभरात होते. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पानाच्या खालच्या बाजूला असते, नोजल खालून धरलं तर सावली आपोआप मिळते. घाट्यात किंवा बोंडात शिरलेल्या अळीला मात्र यातलं काहीही लागू पडत नाही. ती बीटी खातच नाही, मग ते काळं असो की गोरं.

टिकाऊपणा सगळीकडे हवाच असतो का?

बीटीचा पहिला शोध जपानमध्ये १९०१ साली लागला तो मेलेल्या रेशीमकिड्यांत. शिगेताने इशिवाता यांनी त्यांच्या एका रोगाचं कारण शोधताना हा जिवाणू वेगळा केला. थुरिंजिया हे जर्मन नाव त्याला दहा-पंधरा वर्षांनी चिकटलं. रेशीमकिडा हीसुद्धा पतंगाचीच अळी, आणि कुर्स्ताकी कीड कोणती नि रेशीमकिडा कोणता असा भेद करत नाही. बीड-जालन्याकडे तुतीच्या बागा वाढल्या आहेत. शेजारच्या कापसावर किंवा तुरीवर फवारलेलं बीटी वाऱ्याने तुतीवर गेलं, तर आज ऊन ते लवकर निकामी करतं. उन्हात जास्त दिवस टिकणारं बीटी तिथे जास्त दिवसांची जोखीम होईल. तुतीच्या शिवारात मी काळ्या स्ट्रेनची शिफारस करणार नाही.

दुसरी काळजी प्रतिकाराची. बीटी फवारणीला शेतातल्या किडीने दाद न देण्याचं पहिलं ठळक उदाहरण हवाईमधलं, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं, १९९० मध्ये नोंदलेलं. तिथे फवारण्या फार वारंवार होत होत्या. टिकाऊ बीटीमुळे किडीवरचा निवडीचा दाब लांबतो, म्हणून ते वापरणाऱ्याने फवारण्यांची संख्या कमी करायला हवी. दोन्ही वाढवत नेणं परवडणार नाही.

विक्रेत्यासमोर बसलेल्यासाठी

दुकानात काळी पडलेली मेलेली अळी दाखवून "बघा, मेलॅनिन!" असं सांगणारा भेटला तर हसून सोडून द्या. जखमी किंवा रोगट अळीचं स्वतःचं शरीर फिनॉलऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमने मेलॅनिन बनवतं. जिवाणूला त्याच्यात गुंडाळून मारणं हा किड्यांचा जुना बचाव आहे. (फोटोऱ्हॅब्डस नावाचा सूत्रकृमींच्या पोटातला दुसरा कीटकमारक जिवाणू तर तो बचाव हाणून पाडायला खास रसायनं सोडतो.) अळी साध्या बीटीनेही काळी पडते. डब्यातल्या पावडरीचा गडद रंगही पुरावा नव्हे. मळीवर वाढवलेलं बीटीही तपकिरी दिसतं.

मागायचं ते हे. स्ट्रेनचं नाव आणि पुण्याचं एनसीआयएम किंवा चंदीगडचं एमटीसीसी अशा संग्रहातला त्याचा क्रमांक. नोंदणी प्रमाणपत्रावर तोच स्ट्रेन आहे का, हे डोळ्यांनी बघायचं. उघड्या शेतात, पानावर फवारून, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी ती पानं तोडून अळ्यांना खायला घातल्यावर किती मेल्या याचे आकडे, आणि शेजारी त्याच कंपनीच्या साध्या बीटीचे तसेच आकडे. बीजाणूंची मोजणी किंवा २५४ नॅनोमीटरचा आलेख पुढे केला तर तो बाजूला ठेवायला सांगा. पानांचे आकडे नसतील आणि भाव साध्या बीटीच्या दीडपट असेल, तर साधंच घ्या, वाचलेल्या पैशांतून चांगलं स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य) घ्या आणि फवारणी साडेपाचला सुरू करा.